पुनरुज्जीवित चित्रपट : शुद्धी की प्रक्षेप?

जुन्या चित्रपटांच्या पुनरुज्जीवनाची चर्चा बहुधा झळझळीत प्रतिमेच्या कौतुकापाशीच थांबते. प्रतिमा किती उजळली, यापेक्षा ती कशाच्या आधारे उजळली, हा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक मूलगामी आहे. तो वस्तुतः पाठचिकित्सेचा प्रश्न होय.

सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ पट्ट्यांत पुन्हा आर्द्रता आणून त्यांतील चौकटी वाचवल्या. २०१५ च्या संस्करणात ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून घेतला आहे, ‘अपुर संसार’ मात्र संपूर्णतः नंतरच्या पिढीच्या प्रतींवरून सिद्ध झाला. हस्तलिखितांच्या परिभाषेत बोलायचे, तर ही मिश्र संहिता आहे.

फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ची (१९२७) १६ मि.मी. प्रत २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसला उजेडात आली. २०१० च्या संस्करणात तिच्यातून सुमारे २५ मिनिटांचा भाग समाविष्ट झाला. पण त्यावरील चरे पुरते निघाले नाहीत. तिथला सांधा डोळ्यांना खुपतो, परंतु संपादकीय टीपेचे कामही करतो. अपू-चित्रत्रयीत सांधा जवळजवळ दिसतच नाही. तंत्राचे हे यश वादातीत आहे. समीक्षकाची जबाबदारी मात्र त्यामुळेच वाढते.

‘अपराजितो’तील काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारलेले होते. ताणलेल्या कापडावरून प्रकाश परावर्तित करून सुब्रत मित्र यांनी तिथे आभाळातून झिरपणाऱ्या मृदू उजेडाचा प्रत्यय निर्माण केला. काळ्यापांढऱ्यातील विरोध जरासा वाढवला, तर दृश्य ‘स्पष्ट’ होईल, पण त्या घराचा उजेड हरवेल. चरे आणि बुरशी ही काळाची भर. फिल्मचे कण हे माध्यमाचेच अंग. पहिली काढणे ही पाठशुद्धी, दुसरे पुसणे हा प्रक्षेप.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शुद्धीकरणाचा वारसा सांगणाऱ्या अभ्यासकाला शुद्ध करणे आणि सुधारणे यांतील भेद अपरिचित नाही. म्हणून कोणता भाग कोणत्या प्रतीवरून घेतला, हे प्रत्येक संस्करणाने नोंदवावे; आणि छायाप्रकाशावर भाष्य करणाऱ्याने आपण कोणते संस्करण पाहिले, ते सांगावे. अन्यथा दिग्दर्शकाच्या शैलीविषयीचे आपले निष्कर्ष अजाणता पुनरुज्जीवकाच्या अभिरुचीविषयीचे ठरतील.