घटका, भोंगा आणि मराठी कादंबरी

आपल्या कादंबऱ्यांतून घड्याळाचे ठोके पुष्कळ पडतात. मध्यरात्रीचे बारा पडतात तेव्हा नायिका खिडकीशी उभी असते. पहाटेचे चार पडतात तेव्हा आजारी माणसाचा श्वास अडखळतो. आणि जुन्या वाड्यातले लंबकाचे घड्याळ बंद पडले की घराण्याचा कर्ता पुरुष गेला, हे वाचकाने न सांगता ओळखायचे असते. हे वाचताना कंटाळा येतो असे नाही. पण ते ठोके खोडून त्या जागी टिटवीचे ओरडणे घातले, तरी प्रकरणाला कोठे धक्का लागत नाही. घड्याळ येथे दिवाणखान्यातले सामान आहे. त्याने कोणाचे काही बिघडवलेले नाही आणि कोणाचे काही साधलेलेही नाही.

प्रत्यक्षात घड्याळ इतके निरुपद्रवी नसते. कोणी कोणाची वाट पाहायची, हे ते ठरवते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले आणि पुण्याला आगगाडी १८५८ साली आली. म्हणजे मराठी कादंबरी आणि मिनिटांचा हिशेब ही एका पाठीची भावंडे. त्यांनी एकमेकांकडे इतके कमी का पाहावे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे.

घड्याळ नव्हते तेव्हा वेळ नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. अहोरात्राच्या साठ घटका, घटकेची साठ पळे. आजच्या हिशेबाने घटका चोवीस मिनिटांची. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. ती भरून तळाला गेली की एक घटका झाली. ‘घटका भरली’ असे आपण मरणाच्या संदर्भात का म्हणतो, हे ती वाटी बुडताना पाहिली म्हणजे समजते. पण ही घटका मुहूर्ताची होती, मजुरीची नव्हती. लग्न लावायला ती लागे, खुरपायला लागत नसे. हुकमाची वेळ आपल्याकडे इंग्रजांनीच आणली असेही नाही. पेशवाईतल्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडेल त्याला कोतवालाचे बोलावणे येई. परंतु ती तोफ दिवसातून एकदा आणि तीही शहरापुरती. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ वाचावा. सत्तावन सालच्या धामधुमीत जीव मुठीत धरून हिंडलेला हा माणूस तिथी आणि प्रहर यांच्या आधाराने चालतो. हातातला धागा सुटला तरी पंचांग सुटत नाही. ते पुस्तक छापून निघाले १९०७ साली, आणि तोवर मुंबईत सरकारी नवी वेळ लागू होऊन वर्ष उलटले होते.

ही नवी वेळ काय होती ते थोडे सांगितले पाहिजे. पूर्वी गावोगाव आपापल्या सूर्यावर बारा वाजत. आगगाडीला हे परवडेना, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेच्या अर्धा तास पुढे होती. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी ती मुंबईतल्या सरकारी कचेऱ्यांवर लादली. लोकांनी ती मानली नाही. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरचे घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवीत राहिले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. पुढे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची वेळ साऱ्या देशाला ठरली. १ जानेवारी १९०६ रोजी ती मुंबईच्या सरकारी घड्याळांत आली, तेव्हा काटे एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकवावे लागले. त्याच महिन्यात गिरणीतल्या मजुरांनी या वेळेविरुद्ध काम बंद ठेवल्याची नोंद आहे. त्यांच्या दृष्टीने विज्ञानाचा प्रश्न नव्हता. अंधारात उठून जायचे की उजेडात, एवढाच होता. नगरपालिकेने तर जुनी वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. एका शहरात दोन वेळा नांदत होत्या, आणि कोणते घड्याळ खरे यावरून माणसाची निष्ठा ओळखता येत होती! एवढे नाट्य कादंबरीकाराला रस्त्यावर पडलेले मिळाले होते. माझ्या वाचनातल्या एकाही मराठी कादंबरीने ते उचललेले नाही.

आमच्या भागातही या दोन वेळा होत्याच. १८६० पर्यंत रूळ दौंडावरून सोलापुरास पोचले, १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झाले. तेथल्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात सरासरीने साडेबारा वाजून गेलेले असतात. म्हणजे अर्ध्या तासाहून थोडे अधिक असे काही आहे, जे शेताचे आहे आणि स्टेशनाचे नाही. शिरूरला रेल्वे आजही नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर एस. टी.ची पहिली गाडी धावली, ती याच गावावरून. घोडनदीच्या बाजारकरी माणसाला कासरा दोन कासरे दिवसाऐवजी ‘सव्वाअकराची’ असे म्हणायला या रस्त्याने शिकवले.

आता १८९० हे एक वर्ष घ्या. त्या वर्षी १० जून रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीला यश येऊन मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याच वर्षी हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यात क्रमशः येऊ लागली. कामगाराला आठवडा मिळाला आणि कादंबरीलाही आठवडाच मिळाला. हरिभाऊंच्या पाल्हाळाला आपण फार नावे ठेवतो. पण तो पाल्हाळ आठवडाभर वाट पाहणाऱ्या वाचकाशी धरलेला संवाद आहे. पुस्तक एका बैठकीत संपवणाऱ्याला तो जाचतो, यात हरिभाऊंचा दोष नाही. मात्र रविवार मिळालेला कामगार हा ‘करमणूक’चा वाचक नव्हता. ही दोन माणसे एकमेकांना भेटली नाहीत, आणि आपल्या कादंबरीचे पुढचे बरेचसे दारिद्र्य या न झालेल्या भेटीत आहे.

तरीही यमूची गोष्ट मी वेळेविषयीची कादंबरी मानतो. तिचा दिवस दुसऱ्यांच्या स्नानांनी, जेवणांनी आणि मर्जीने कापलेला आहे. मुंबईच्या बिऱ्हाडात नवऱ्याच्या सोबतीने तिला प्रथमच वाचायला, बोलायला स्वतःची अशी वेळ मिळते. वैधव्य येते आणि ती वेळच तिच्याकडून काढून घेतली जाते. त्या कादंबरीतला शोक नवऱ्याचा जेवढा, तेवढाच त्या थोड्या मोकळ्या दुपारींचा आहे. घड्याळाचा ठोका न वाजवता हरिभाऊंनी हे साधले. उलट ना. सी. फडक्यांच्या हाती घड्याळ आले ते उत्कंठा ताणण्याचे साधन म्हणून. त्यांचे तंत्र निर्दोष आहे. पण त्यांच्या नायकाला उशीर झाला तर फार तर प्रेयसी रुसते. त्याचा खाडा मांडला जात नाही.

खाडा मांडला जाणाऱ्यांची वस्ती गिरणगावात होती. विजेचे दिवे नव्हते तोवर गिरणी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले. १९०५ च्या सुमारास दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. १९११ च्या कायद्याने पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही १९३३ सालची कादंबरी, आणि तिचे नावच यंत्राची गती सांगते. प्रचाराचा सोस नडला तरी भोंग्याचा माणूस त्यांनी कादंबरीत आणला, हे श्रेय त्यांचेच. मर्ढेकरांनी विजेच्या गाडीने कचेरी गाठणारा माणूस संतांच्या छंदात बसवला, तेव्हा लोक बिचकले. मला त्यात खोडसाळपणा दिसत नाही. जेथे काकडआरती होती तेथे लोकल आली, हे सांगायला तोच छंद हवा होता. आणि १९८२ च्या संपानंतर भोंगेच थांबले, तेव्हा घरात बसून राहिलेल्या पोरांचा न सरणारा दिवस जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने रंगमंचावर मांडला. भोंगा जुलमी होता खरा; तो गेल्यावर काय उरते हे त्या नाटकाइतके कोणी दाखवलेले नाही.

गावाकडचे काय? येथे माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’पाशी थांबावे लागते. शाळामास्तर असल्यामुळे मी ती १९५५ सालची कादंबरी जरा वेगळी वाचतो. मास्तर वाडीवर येतो तो सरकारी वेळ बरोबर घेऊन. शाळा म्हणजे हजेरी, आणि हजेरी म्हणजे ठरावीक वेळ. वाडीची वेळ मेंढरांच्या पायांत आहे. मास्तरने वाडीला घड्याळ लावले अशी ती गोष्ट झाली असती तर ती सुधारणेची पुस्तिका ठरली असती. वाडीने मास्तरचे घड्याळ विसरायला लावले अशी झाली असती तर भाबडे गाणे. माडगूळकर दोन्ही टाळतात. दोन वेळा एकमेकींना सांभाळून घेत असतात आणि मग दुष्काळ येतो, ज्याच्यापुढे दोन्ही चालत नाहीत. मेंढरे जातात, माणसे जातात, हजेरी घ्यायला कोणी उरत नाही. त्या पुस्तकाची कोरडी, छोटी वाक्ये मला फार आवडतात. काळ जाताना त्यांत ऐकू येत नाही, पण गेलेला दिसतो.

दोष माडगूळकरांच्या मागून आलेल्यांचा. त्यांच्या ग्रामीण कथेत अजून कोंबडा आरवतो आणि मग गाव जागे होते. आमच्या शिरूर-दौंडात गाव त्याआधीच दोनदा जागे झालेले असते. रांजणगावच्या नाहीतर कुरकुंभच्या कारखान्यांतली रात्रपाळी पहाटे-सकाळी घरी येते आणि पहिली पाळी निघते. गेली अनेक वर्षे शेतीपंपाची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येत आली आहे. आता कोठे काही गावांना सौर विजेमुळे ती दिवसा मिळू लागली आहे. रात्रीची लाईट असली की बाप बॅटरी घेऊन उसात जातो. उसात बिबट्या असतो, म्हणून सोबतीला पोरगा जातो. तो पोरगा सकाळी माझ्या पहिल्या तासाला बाकावर डोके टेकून झोपतो. शाळेचा टोल म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. त्याला तो आवाज ऐकू येतो, पण त्याची वेळ वेगळी आहे. त्याला जागे करायचे की झोपू द्यायचे, हा माझा रोजचा प्रश्न आहे, आणि वरच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा तो मला अधिक अवघड वाटतो.

‘पाळी’ हा शब्दच पाहा. पाण्याची पाळी, कारखान्याची पाळी, लाईटची पाळी. कालव्याच्या आवर्तनात आपली पाळी रात्री दोनला आली तर दोनलाच दारे धरावे लागते, नाहीतर पाणी पुढच्याच्या रानात जाते. एका शब्दात तीन धनी आहेत, आणि तिन्ही धन्यांची घड्याळे वेगळी. कादंबरीकाराने याहून अधिक काय मागावे? पण त्यासाठी त्याला वेळापत्रक माहीत हवे. अलीकडे ग्रामजीवनावरच्या एका हस्तलिखितात नायक भर दुपारी मोटर चालू करतो आणि पाटाच्या कडेला विरहाने व्याकूळ होतो. मी ते आमच्या सहावीतल्या एका मुलाला वाचून दाखवले. विरहाबद्दल तो काही बोलला नाही. त्याने एवढेच विचारले, “गुरुजी, त्यांच्याकडं या आठवड्यात दिवसाची लाईट होती का?”