दिवा लागला, असं ॲप म्हणतं

एमएस्सी संपवून पीएचडीच्या तयारीला लागलात की एक विषय हमखास समोर येतो : ‘आयओटीवर आधारित होम ऑटोमेशन’. नोडएमसीयूचा एक बोर्ड, चार चॅनलचं रिले मॉड्यूल, फोनवर ब्लिंक ॲप आणि होल्डरमध्ये एक बल्ब. भाईंदर पूर्वेहून लोकल पकडून लॅमिंग्टन रोडला गेलात तर दुपारपर्यंत सामान घेऊन घरी परत, आणि रात्रीपर्यंत फोनवरून बल्ब लागलेला असतो. मग पेपर लिहिला जातो. ब्लॉक डायग्राम, सर्किटचा फोटो, ॲपचे स्क्रीनशॉट, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘प्रस्तावित प्रणाली यशस्वीपणे कार्य करते.’

बल्बबद्दल माझी काही तक्रार नाही. हात बसायला हा प्रकल्प उत्तमच आहे. तक्रार आहे ती त्या शेवटच्या वाक्याबद्दल. संशोधनात ‘यशस्वीपणे’ हा शब्द फुकट मिळत नाही. काय मोजलं, किती वेळा मोजलं आणि काय झालं असतं तर आपण ‘अयशस्वी’ म्हटलं असतं, हे सांगावं लागतं. या जातीचे दहा पेपर काढून बघा. बहुतेकांत बल्ब लागल्याचा फोटो हाच पुरावा असतो.

आता एक साधी चाचणी करा. होल्डरमधून बल्ब काढून घ्या आणि ॲपमधून दिवा लावा. ॲप काय दाखवतं? बटण हिरवं होतं, ‘ऑन’ दिसतं. खोलीत अंधार आहे आणि ॲपच्या मते दिवा लागलेला आहे. म्हणजे आपण जे बनवलं ते दिवा लावणारं यंत्र नाही. ते आज्ञा पाठवणारं यंत्र आहे. आज्ञा पाठवणं आणि काम होणं यांच्यात जे अंतर आहे, तोच या विषयातला खरा प्रश्न आहे, आणि नेमका तोच या पेपरांतून गायब असतो.

हे अंतर किती टप्प्यांचं आहे ते बघा. तुम्ही बटण दाबता. निरोप फोनवरून सर्व्हरला जातो, सर्व्हरवरून घरातल्या वायफायला, तिथून बोर्डाला. बोर्डाचा पिन बदलतो, रिलेची कॉइल ओढते, संपर्क जुळतो, प्रवाह वाहतो. पोचपावती यातल्या कुठल्या टप्प्यावरून येते, हे विचारा. एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल घ्या. तो १९९९मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केला. त्यात ‘क्यूओएस १’ निवडलं की निरोपाची पोच मिळते. पण ही पोच मधल्या ब्रोकरची असते. ‘तुमचं पत्र टपाल कार्यालयात पडलं’ एवढाच तिचा अर्थ. पत्र घरी पोहोचलं का, कोणी वाचलं का, त्याबद्दल ती काही बोलत नाही.

शिवाय ‘क्यूओएस १’चा करार ‘किमान एकदा’ असा आहे. तोच निरोप दोनदाही येऊ शकतो. तुमची आज्ञा ‘चालू कर’ अशी असेल तर बिघडत नाही. चालू असलेलं चालूच राहील. पण ती ‘आहे त्याच्या उलट कर’ अशी असेल तर दुसऱ्या निरोपाने दिवा विझतो. बऱ्याच प्रकल्पांच्या कोडमध्ये हाच ‘टॉगल’ असतो, कारण प्रात्यक्षिकात तो कधीच चुकत नाही. टेबलावर, समोर राउटर ठेवून, पाच वेळा दाबल्यावर कोणाचंच चुकत नाही.

पुढचा टप्पा रिलेचा. त्या निळ्या डबीवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा हीटरसारख्या साध्या भाराचा. मोटरसारखा भार सुरू होताना कित्येक पट प्रवाह ओढतो आणि संपर्क वितळून चिकटू शकतात. मग ॲप ‘बंद’ म्हणतं आणि मोटर चालूच राहते. बल्बच्या बाबतीत हे गमतीचं वाटेल. गिझर किंवा पंप असेल तर गंमत संपते.

इथे ‘पण प्रत्यक्षात कोण एवढा विचार करतं?’ असं म्हणाल. केला आहे, आणि आपल्याच राज्यात. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’. शेतीच्या पंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री लाईट आली की अंधारात, चिखलातून, विंचूकाट्यातून विहिरीपर्यंत जायचं, आणि पोहोचेपर्यंत लाईट गेलेली. आजोबांची अशीच पायपीट पाहून ओस्तवालांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करणारं यंत्र बनवलं. २००९मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. ते मुळात इंटरनेटवरचं नव्हतं, साध्या फोन कॉलवर चालायचं.

माझ्या मते त्याचं मोल दूरवरून स्विच दाबण्यात नाही. शेतकऱ्याला फोनवर दोन उत्तरं मिळतात : तिकडे लाईट आहे का, आणि पंप चालू आहे का. स्टार्टरचं बटण त्यानंतर येतं. शेतकऱ्याची गरज मुळात माहितीची होती. ती मिळाली की अर्धी फेरी वाचते. आपल्या होम ऑटोमेशनच्या पेपरात क्रम उलटा असतो. बटण आधी, आणि उत्तर कधीच नाही.

पण नॅनो गणेशने एका शेतकऱ्याचा प्रश्न सोडवला म्हणून विषय संपत नाही. एकाचा स्विच नीट चालला तरी सगळ्यांचे स्विच मिळून काय करतात, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचंही उदाहरण शेतातच आहे : ऑटो स्विच. लाईट आली की हा पंप आपोआप सुरू करतो. ना फोन, ना इंटरनेट. प्रत्येक शेतकऱ्यापुरतं पाहिलं तर हे यंत्र ‘यशस्वीपणे कार्य करतं’. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात, आणि थेट सुरू होणारी मोटर नेहमीच्या साधारण ५ ते ७ पट प्रवाह ओढते. भार एकदम चढतो, डीपी जळते, आणि मग ती बदलून मिळेपर्यंत सगळेच कोरडे. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा, असं वारंवार सांगत आलं आहे. राज्यात कृषिपंपांचे ग्राहक ४० लाखांहून अधिक आहेत. हा किरकोळ मामला नाही.

हाच प्रश्न शहरातल्या स्मार्ट उपकरणांबाबत २०१८मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या सालेह सोल्तान, प्रतीक मित्तल आणि व्हिन्सेंट पूअर यांनी मांडला. इंटरनेटला जोडलेले हजारो गिझर आणि एसी हल्लेखोराने एकदम चालू केले तर वीजजाळं कोलमडेल का? त्यांच्या सिम्युलेशनचं उत्तर काळजी वाढवणारं होतं. पुढच्याच वर्षी, त्याच युझनिक्स सिक्युरिटी परिषदेत, दुसऱ्या गटाने दाखवलं की जाळ्यातल्या संरक्षण यंत्रणा हिशेबात धरल्या तर संपूर्ण अंधार करणं इतकं सोपं नाही. हे दोन पेपर एकामागून एक वाचाच. पहिल्यात असा दावा आहे जो खोटा ठरू शकतो, आणि दुसऱ्याने तो तपासला. ‘प्रणाली यशस्वीपणे कार्य करते’ हे वाक्य तपासायला मात्र कोणाला काही सापडणारच नाही.

मग तोच बोर्ड, तोच रिले घेऊन संशोधन कसं करायचं? आमच्या भाईंदर पूर्वेचंच उदाहरण घेऊ. इथल्या सोसायट्यांत पालिकेचं पाणी ठरावीक वेळी खालच्या टाकीत येतं, आणि वॉचमन पंप लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. हा पंप फोनवरून चालवायचाय, असं समजा. मोटर थेट छोट्या रिलेवर घ्यायची नाही. रिलेने कॉन्टॅक्टर चालवायचा, आणि ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं. तुमचं काम पुढे आहे. मोटरच्या वायरभोवती प्रवाह मोजणारा सीटी सेन्सर लावा. आज्ञा ‘चालू’ आणि प्रवाह शून्य, तर पंप सुरूच झालेला नाही. प्रवाह नेहमीपेक्षा बराच कमी, तर टाकी रिकामी असून पंप कोरडा फिरत असण्याची शक्यता. आज्ञा ‘बंद’ आणि प्रवाह चालू, तर संपर्क चिकटलेत. वॉचमनने हाताने पंप लावला तरी तो सेन्सरला दिसतो.

आता प्रश्न नीट मांडता येतो : ॲप म्हणतं ते आणि प्रवाह सांगतो ते, यांच्यात किती वेळा आणि किती काळ फरक पडतो? हजार आज्ञा द्या. मध्येच वायफाय तोडा, वीज घालवा, हाताने स्विच दाबा. प्रत्येक प्रकाराची वेगळी नोंद ठेवा. मग ‘टॉगल’ काढून ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा स्पष्ट आज्ञा द्या आणि पुन्हा मोजा. वीज परत आल्यावर पंप लगेच सुरू करायचा की काही मिनिटांचा यादृच्छिक विलंब ठेवायचा, आणि एका ट्रान्सफॉर्मरवर किती पंप असले तर हा विलंब किती हवा, याचं गणित मांडा. यातला एकही प्रश्न महाग नाही.

मुलाखतीत मार्गदर्शक तुमचा प्रकल्प बघून बहुधा एकच प्रश्न विचारतील : ‘हे चाललं नाही, तर तुम्हाला कसं कळेल?’ याचं उत्तर आकड्यांत देता आलं तर तुमचा विषय तयार आहे. नाही आलं तर बल्ब पुन्हा होल्डरमधून काढा आणि तिथून सुरुवात करा.