किती फेकले आणि कसे फेकले: बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या दुखापतींचा विचार



तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर बेसबॉलवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. रास्त आहे. पण 'हालचालीची गुणवत्ता' हा शब्दप्रयोग अलीकडे क्रीडाशिक्षकांच्या बोलण्यात आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत सारखा कानावर येतो. नवा शब्द आला की त्याच्या पोटात काय आहे ते पाहणे, हा आमचा जुना धंदा. शिवाय या शब्दाच्या भरवशावर कोणाच्या तरी लेकराचा खांदा पणाला लागतो. म्हणून आज त्याची तपासणी करू.

बेसबॉल हा आता आपल्याला परका खेळ राहिलेला नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. तालुक्याच्या शाळेतले मूल जिल्हा, विभाग, राज्य असे वर चढू शकते. त्यामागे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या घरी या गोष्टींना किती वजन असते, ते तिवस्यात सांगायची गरज नाही.

आधी शरीर पाहू. चेंडू हाताने फेकला जातो असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे. जोर जमिनीतून पायात येतो, कमरेतून धडात, तिथून खांद्यात, कोपरात आणि शेवटी बोटांत. मोठ्या पिचरचा खांदा त्या क्षणी सेकंदाला सुमारे ७००० अंश या वेगाने आत वळतो. माणसाच्या शरीरात याहून वेगवान हालचाल क्वचितच सापडेल. वाढत्या वयातल्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी मऊ वाढपट्टी असते आणि ती आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा कमजोर असते. मोठ्या माणसाचा अस्थिबंध फाटतो, त्या जागी मुलाची वाढपट्टी ताणली जाते. अमेरिकेत याला 'लिटल लीग एल्बो' आणि 'लिटल लीग शोल्डर' अशी नावेच पडली आहेत. खेळाच्या नावाने लहान मुलांचा आजार ओळखला जावा, यातच सगळे आले.

यावरचे पहिले उत्तर होते मोजणीचे. लिटल लीगने २००७ साली डावांऐवजी टाकलेले चेंडू मोजायला सुरुवात केली. २०१४ साली 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वे आली. ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसात जास्तीत जास्त ७५ चेंडू, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त चेंडू टाकले तर चार दिवस विश्रांती. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. ४८१ मुलांवर दहा वर्षे नजर ठेवणारा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला १०० पेक्षा जास्त डाव पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीन पट होता.

मोजणीचा मोठा गुण असा की ती कोणालाही करता येते. वही, पेन्सिल आणि एक प्रामाणिक मूल पुरते. पण तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. मोजणी कोणाच्या रोगावरचे औषध आहे? अमेरिकन मुलाचा रोग बारमाही खेळण्याचा आहे. म्हणून तिथे वर्षातले किमान चार महिने फेकणे बंद ठेवा, असे सांगतात. आपल्या मुलाचा रोग बहुतेक वेळा उलटा असतो. दहा महिने बेसबॉलचे नाव नाही, आणि स्पर्धेचे पत्र आले की पंधरा दिवसांत रोज दोन वेळा सराव. मग दोन-तीन दिवसांत लागोपाठ सामने, आणि संघात फेकणारा एकच. खांद्याला वार्षिक बेरीज कळत नाही, त्याला कालचा आणि आजचा फरक कळतो. त्यात तोच पोट्टा संध्याकाळी टेनिस बॉलने गोलंदाजीही करतो. वहीत ती लिहिली जात नाही. अमेरिकन तक्ता जसाच्या तसा भिंतीवर चिकटवून आपला प्रश्न सुटत नाही, तो याच कारणाने.

दुसरे उत्तर, आणि आजचे खरे लक्ष्य, म्हणजे 'गुणवत्ते'ची चाचणी. 'फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन' हिचे प्रसिद्ध रूप. सात हालचाली, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, एकूण २१. २००७ साली व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूंवर एक अभ्यास झाला, त्यात १४ किंवा कमी गुणांच्या खेळाडूंना दुखापती जास्त दिसल्या. झाले! चौदाचा आकडा उंबरठा झाला. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कळले की या गुणांवरून कोणाला दुखापत होईल ते भरवशाने सांगता येत नाही. नॉर्वेचे डॉक्टर रोआल्ड बार यांनी २०१६ साली याचे कारण नीट मांडले. ज्यांना पुढे दुखापत होते आणि ज्यांना होत नाही, त्यांचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मधे रेघ ओढताच येत नाही.

आमचा आक्षेप चाचणीवर नाही, तिच्यातून काढलेल्या निष्कर्षावर आहे. समूहाबद्दलचे खरे विधान एकट्या मुलाबद्दलचे भाकीत होत नाही. हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे पोरही सांगेल. तरी आपण कागदावरचा आकडा पत्रिकेसारखा वाचतो. गुण कमी आले म्हणून एखादी मुलगी संघाबाहेर बसते, गुण चांगले आले म्हणून एखाद्या मुलाला 'तुला काही होत नाही' म्हणत जुंपले जाते. दोन्ही अन्याय एकाच चुकीतून होतात.

मग गुणवत्ता म्हणजे काय? पुष्कळांच्या मनात तिचा अर्थ 'व्हिडिओतल्या पिचरसारखे दिसणे' असा असतो. इथे रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन उपयोगी पडतो. त्याने १९२० च्या दशकात हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली टिपल्या. हातोडा नेमक्या जागी पडत होता, पण हात दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जात होता. कौशल्य म्हणजे एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणे नव्हे, एकच काम पुन्हा पुन्हा नव्याने सोडवणे होय. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणारा माणूस पाहा. दोन माणसांची फेक सारखी नसते, पण दगड पाखरांवर बरोबर जातो.

म्हणून काय, कसेही फेका? नाही. काही गोष्टी देहाच्या रचनेतूनच येतात. पुढचा पाय टेकण्याआधीच धड फिरले, तर पायाचा जोर वाया जातो आणि कोपराला भरपाई करावी लागते. कंबर आणि पाठ आखडलेली असेल तरी तेच. जपानमध्ये ८ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी खांदा, पाठ, कंबर मोकळी करणारा 'योकोहामा बेसबॉल-९' हा कार्यक्रम तयार झाला. २०१८ च्या अभ्यासात तो करणाऱ्या मुलांत कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखापती जवळपास निम्म्या दिसल्या. लक्षात घ्या, तिथे कोणाचे भविष्य वर्तवले नाही. सगळ्यांनाच व्यायाम दिला. चाचणीने निवड करण्यापेक्षा सरावाने सगळ्यांची काळजी घेणे, हा फरक आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. आणि मुलींचे सॉफ्टबॉल खालून फेकायचे म्हणून निर्धोक, हाही समज सोडा. तिथेही खांद्यावर मोठा ताण येतो.

आता आपल्या परंपरेकडे वळू. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. याच तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे, आणि गाव घडवण्याच्या त्यांच्या विचारात व्यायामालाही मानाची जागा होती. या वारशाचा अभिमान आम्हालाही आहे. पण आखाड्याची एक सवय तपासून घ्यावी लागेल: जोर किती मारले याचा अभिमान आणि दुखणे सोसण्याचे कौतुक. गंमत अशी की आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांनी बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करायला सांगितले आहे. धाप लागून तोंडाने श्वास घ्यावा लागला की अर्धी शक्ती संपली, अशी खूणही सुश्रुताने दिली आहे. म्हणजे थांबायचे कधी, हे आकड्यावरून नव्हे, देहाच्या सांगण्यावरून ठरवायचे.

इथे सगळ्यात कठीण प्रश्न येतो. देह सांगतो, पण मूल सांगते का? "काहून रे, हात दुखते काय?" असे सरांनी विचारले की उत्तर येते, "नाही सर." कारण 'हो' म्हटले तर जागा जाते, जागा गेली तर गुण जातात, आणि घरी बाबा वाट पाहत असतात. शस्त्रक्रिया करावी लागलेल्या तरुण पिचरांचा २००६ चा एक अमेरिकन अभ्यास आहे. हात थकलेला असताना नेहमी पिचिंग करणारे त्या गटात ३६ पट जास्त आढळले. इतका मोठा धोका दाखवणारी खूण, आणि ती ओळखण्याचे साधन एकच: मुलाचा खरा शब्द. तो शब्द महाग करून ठेवला तर सगळ्या चाचण्या व्यर्थ आहेत.

म्हणून क्रीडाशिक्षकांना आमची विनंती. चेंडू मोजा, क्रिकेटचेही धरा. सराव स्पर्धेच्या दोन महिने आधी सुरू करून हळूहळू वाढवा. संघात फेकणारे किमान तीन तयार करा, म्हणजे एकाला 'दुखते' म्हणणे परवडेल. रोज पंधरा मिनिटे पाठ, कंबर, खांदा मोकळा करा, सगळ्यांचा. दुखते म्हणणाऱ्याला त्या दिवशी बसवा, पण संघातून काढू नका. आणि पालकांनो, मूल घरी आले की किती जिंकलात हे विचारण्याआधी हात कसा आहे हे विचारा.

गुणवत्ता नुसती हालचालीत नसते. ज्या मैदानावर मूल खरे बोलू शकते, त्या मैदानाचीही गुणवत्ता असते. तिला गुण देणारी चाचणी अजून निघालेली नाही. ती आपल्यालाच पाहावी लागेल.