वेताळाचा अंतरपाट

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'मला आवडलेलं पुस्तक' या विषयावर लेख हवा, असा संपादकांचा फोन आला. मी विचारलं, "कॉमिक चालेल का?" पलीकडे जरा शांतता पसरली. मग उत्तर आलं, "चालेल, पण थोडं वैचारिक करा." तेव्हा वाचकहो, या लेखात पुढे जे काही वैचारिक येईल, त्याचा दोष माझा नाही.

झालं असं की आमच्या लेकीचं लग्न ठरलं आणि त्या निमित्तानं गॅरेज आवरायला काढलं. पामर्स्टन नॉर्थमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको की इथे गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं असतं. तळाशी डोंबिवलीहून आलेला एक खोका निघाला आणि त्यात माझ्या लहानपणीची इंद्रजाल कॉमिक्स! टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी १९६४ साली सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली. आमच्या पिढीनं शाळेच्या पुस्तकात लपवून जे वाङ्मय वाचलं ते हेच. खोक्यात वरच होता वेताळाच्या लग्नाचा अंक. आवराआवर तिथेच थांबली, हे ओघानं आलंच.

नव्या पिढीसाठी थोडी ओळख. वेताळ म्हणजे मूळचा 'फँटम'. ली फॉक या अमेरिकन लेखकानं १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींत ही चित्रकथा सुरू केली. घनदाट जंगल, कवटीच्या आकाराची गुहा, पांढरा घोडा, पाळलेला लांडगा. १५३६ पासून बापामागून मुलगा तोच पोशाख चढवतो, त्यामुळे लोकांना वाटतं हा अमर आहे. आपला नायक एकविसावा. त्याचा देश मूळ कथेत 'बंगाला' होता. भारतीय वाचकाला ते बंगालसारखं वाटेल म्हणून इंद्रजालनं त्याचं 'डेंकाली' करून टाकलं.

या वेताळाचं डायना पामरवर पहिल्यापासून प्रेम. लग्न मात्र १९७७ साली. म्हणजे ४१ वर्षं नुसतं 'बघू'! आपल्याकडे मुलीच्या बापानं इतक्या वेळात चार स्थळं बघून, तिचं लग्न लावून, नातवंडांच्या मुंजी उरकल्या असत्या. पत्रिका जुळत नव्हती म्हणावं तर तसंही नाही. कारण एकच, कर्तव्य. दर वेळी हा विचारायला जातो आणि नेमके कुठेतरी चाचे उपटतात. उशीर करण्यात फॉकसाहेबांचा हात कुणी धरू शकणार नाही. त्यांच्याच जादूगार मँड्रेकनं १९३४ सालच्या नार्डाशी १९९७ मध्ये लग्न केलं, ६३ वर्षांनी, आणि ते तीन ठिकाणी तीन समारंभ करून. एक मुलीकडचं, एक मुलाकडचं आणि एक ज्यांना दोन्हीकडे बोलवायचं राहिलं त्यांच्यासाठी, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं आहे.

आता प्रत्यक्ष लग्न. जंगलात मांडव. पाहुण्यांत दोन देशांचे राष्ट्राध्यक्ष. मँड्रेक आणि लोथारसुद्धा आलेले, म्हणजे एका चित्रकथेची पात्रं दुसरीच्या लग्नाला! आपल्या मालिकांतल्या सुना एकमेकींच्या घरी मंगळागौरीला जातात ती कल्पना किती जुनी आहे बघा. नवरी पांढऱ्या पोशाखात. आणि नवरदेव? तोच अंगाला चिकटलेला पोशाख, तोच डोळ्यांवरचा मुखवटा. लग्नाचा सूट शिवला नाही, निदान ते तरी काढायचं! आपल्याकडे मंगलाष्टकं संपली की अंतरपाट दूर होतो आणि मग एकमेकांचं तोंड दिसतं. इथे नवऱ्यानं अंतरपाट स्वतःच्या डोळ्यांवरच बांधलेला, आणि भटजींनी कितीही 'सावधान' म्हटलं तरी तो उतरायचा नाही. वेताळाचा चेहरा बघणाऱ्याला भयंकर मरण येतं, अशी जंगलातली जुनी म्हण आहे. फोटोग्राफरचं काम त्यामुळे सोपं झालं असावं.

गंमत सोडली तर हे प्रकरण कथा म्हणून फिकं आहे. रोजच्या पट्टीचं गणित असं की शेवटच्या चौकटीत काहीतरी लटकत ठेवायचं, म्हणजे वाचक उद्याचा पेपर घेतो. लग्नात लटकवणार काय? पाहुणे येतात, आश्चर्य करतात, जेवतात. साय बॅरी यांची चित्रं देखणी आहेत, जंगल तर हात लावावा इतकं ओलं. पण ४१ वर्षं थांबलेल्या दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं काय असतं, ते लेखकाला सुचलेलं नाही. याच्या तुलनेत 'ब्लाँडी'चं लग्न बघा. तारीखही योगायोगानं १७ फेब्रुवारी, साल १९३३. डॅगवुडच्या कोट्यधीश आईबापांना ती मुलगी पसंत नाही. पोरगा २८ दिवसांहून जास्त उपोषण करतो, लग्न होतं आणि इस्टेटीतून नाव जातं. यात काहीतरी गमावलं गेलं, म्हणून ते लग्न लक्षात राहतं.

मी अंक मिटणार तेवढ्यात लेक मागे येऊन उभी राहिली. तिनं तो सगळा उभ्यानं वाचला आणि विचारलं, "बाबा, ही डायना काम काय करते?"

"संयुक्त राष्ट्रांत आहे. शिवाय पट्टीची पोहणारी."

"आणि लग्नानंतर गुहेत राहायला जाते? तो का नाही गेला न्यूयॉर्कला?"

मी म्हटलं, "अगं, तो वेताळ आहे. त्याला जंगल सोडून कसं चालेल?"

"आणि तिला चालतं?"

मी फॉकसाहेबांची बाजू घेतली. म्हटलं, पुढच्या कथांतही ती आपलं काम करते, १९७९ साली जुळी मुलं होतात, तरीही. पण लेकीचा प्रश्न तसाच राहिला. लग्नाच्या त्या सगळ्या चौकटींत डायनाला कुणी विचारलेलंच नाही की बाई, तुला इथे जमेल का? सगळे जण तिचं अभिनंदन करतात. शेवटी मुखवटा नवऱ्याचा आणि चेहरा हरवतो नवरीचा.

तेवढ्यात चहा घेऊन सौ. आली. तिनं संभाषण ऐकलं असावं. कप ठेवत एवढंच म्हणाली, "अहो, गुहेत निदान हीटर तरी होता का?"

लेक हसली. मीही हसलो, पण जरा उशिरा. १९९८ च्या जून महिन्यात आम्ही इथे आलो. नोकरी मला मिळाली होती. ठाण्याच्या बँकेतली बारा वर्षांची नोकरी तिनं सोडली. पहिलं घर जुनं, लाकडी, भिंतींना ओल, आणि पत्र्यावर रात्रभर मानावाटूचा वारा. लेक तीन वर्षांची. सकाळी मी विद्यापीठात जायचो आणि ती खिडकीशी बसून टारारुआच्या डोंगरांकडे बघायची. पुढे तिनं एका दुकानात रात्री फळ्या भरण्याचं काम केलं, मग अभ्यास करून हिशेबनीस झाली. आम्ही हे सगळ्यांना अभिमानानं सांगतो. पण निघण्यापूर्वी मी तिला "तुला चालेल का?" असं विचारलं होतं का, हे आठवायला गेलो तर ती चौकटच सापडेना. मुंबईच्या विमानतळावर सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं होतं, ते मात्र लख्ख आठवतं.

आता आपल्या गावाकडे येतो. इथून वीसेक किलोमीटरवरच्या फील्डिंगमध्ये १९३९ साली जन्मलेले, मानावाटूकडून रग्बी खेळलेले मरे बॉल यांची 'फुटरॉट फ्लॅट्स' ही चित्रकथा १९७६ ते १९९४ वर्तमानपत्रांत चालली. वॉल हा शेतकरी, चिखल, मेंढ्या आणि सगळं मनातल्या मनात बोलणारा त्याचा कुत्रा. वॉलची मैत्रीण चीकी हॉब्सन, केशभूषा करणारी. या सोयरिकीला कुत्र्याचा ठाम विरोध, आणि डॉली मावशीलाही चीकी पसंत नाही. चीकी नटूनथटून शेतावर आली की विनोद कुठून येतो? तर या चिखलात ही बाई राहणार कशी, याच प्रश्नातून. डायनाला गुहेत कोळिष्टक लागत नाही, चीकीच्या पायाला मात्र चिखल लागतो. मला बॉल मोठे वाटतात ते यासाठी. २०१७ साली ते गेले तेव्हा माझ्या किवी शेजाऱ्याचे डोळे पाणावले होते. त्या वेळी मला त्याचं कारण कळलं नव्हतं.

मग वेताळाचं लग्न वाचावं की नाही? जरूर वाचावं. बॅरींच्या जंगलासाठी वाचावं, मँड्रेकला पंगतीत बघण्यासाठी वाचावं. फक्त एकट्यानं वाचू नये. शेजारी कुणीतरी प्रश्न विचारणारं असावं.

लेकीचं लग्न फेब्रुवारीत आहे. जावई ऑकलंडचा, पण लग्नानंतर तोच इकडे राहायला येतोय. लेकीची इथली नोकरी चांगली आहे आणि त्याला नवी शोधता येईल, असं दोघांनी बसून ठरवलं. मला नंतर कळवलं. मी त्याला इंद्रजालचा तो अंक भेट द्यायचं ठरवलं होतं. सौ. म्हणाली, "त्याला नको. तुमच्याकडेच राहू दे, पुन्हा वाचा."

अंतरपाट धरायला मात्र तिनं मलाच सांगितलं आहे.