गल्ली कुणाची? ‘इट्स ब्रूनो!’ आणि शहरी कुत्रेवाल्यांचे विनोद

आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेत यंदा लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय होता. तो दहा मिनिटांत आटोपला. उरलेले दोन तास कुत्र्यांवर गेले. पाळलेला कुत्रा लिफ्टमधून न्यावा की नाही, फाटकाशी बसणाऱ्या भटक्या कुत्रीला कुणी पोळी घालावी की नाही, घातली तर कुठे. एरवी एकमेकांना ओळखही न दाखवणारे लोक त्या रात्री तावातावाने बोलत होते, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता : ‘आमची’. आमची सोसायटी, आमचा जिना, आमची गल्ली. कुत्रा हे निमित्त होते, भांडण मालकीचे होते.

घरी आल्यावर मी ‘इट्स ब्रूनो!’ ही मालिका पुन्हा पाहिली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला एका श्वानवेड्या माणसाची गंमत वाटली होती. या वेळी ती गल्लीच्या हक्काची गोष्ट वाटली. या लेखात तेच मांडायचे आहे.

मे २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या या मालिकेचे आठ भाग आहेत, प्रत्येक भाग साधारण पंधरा मिनिटांचा. सगळी मालिका एखाद्या दोन अंकी नाटकापेक्षाही कमी वेळात संपते. सॉल्व्हन ‘स्लिक’ नईम या अल्जेरियन वंशाच्या अमेरिकी कलावंताने ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि माल्कमची मुख्य भूमिकाही केली. ब्रूनो हा नईमचा स्वतःचाच कुत्रा. त्याची जात पगल, म्हणजे पग आणि बीगल यांचा संकर. मराठी कानाला ते ‘पागल’ ऐकू आले तर मालिकेपुरते तेही चालेल. छोट्या भागांच्या मालिकांसाठी असलेल्या एमी पुरस्काराच्या विभागात २०१९ साली तिला नामांकन मिळाले होते.

कथानक असे फारसे नाहीच. माल्कम ब्रूनोला घेऊन न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बुशविक भागात फिरतो आणि वाटेत कुणाशी ना कुणाशी त्याचे बिनसते. दुकानात कुत्र्याला घेत नाहीत. कुणीतरी आपल्या कुत्र्याची घाण उचलत नाही. रॉब मॉर्गनने रंगवलेला हार्वी आपल्या अँजीचे कौतुक करत माल्कमला डिवचतो. कारण चिमूटभर आणि पवित्रा खानदानी वैराचा, हे या विनोदाचे साधे गणित. माल्कम ब्रूनोच्या अपमानाचा बदला अशा गांभीर्याने घेतो, की जणू घराण्याची अब्रू पणाला लागली आहे. वरवर हे हास्यास्पद आहे. पण एखाद्याची अब्रू कुत्र्याच्या गळपट्ट्याला का बांधली जाते, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बुशविकमध्ये आहे.

१३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क शहराची वीज गेली आणि बुशविकमधल्या ब्रॉडवे या रस्त्यावरची दुकाने लुटली गेली, जाळली गेली. त्याआधीपासूनच तिथल्या घरांना आगी लागत होत्या. पुढे बरीच वर्षे तो भाग शहराने जवळजवळ टाकून दिल्यासारखाच होता. तिथे टिकून राहिले ते मुख्यतः पोर्तो रिकन, डॉमिनिकन आणि कृष्णवर्णीय रहिवासी. मग एकविसाव्या शतकात चित्रकार आले, कॅफे आले, चढी भाडी देणारे तरुण आले. जुन्यांना भाडे परवडेनासे होते आणि वस्तीचे रूप पालटते, या प्रक्रियेला ‘जेंट्रिफिकेशन’ म्हणतात. गिरणगावाचे लोअर परळ होताना ज्यांनी पाहिले, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको.

या बदलाची एक खूण म्हणजे कुत्रा. अमुक वस्तीत नवे लोक शिरले, हे ओळखायचे कसे? फॅशनेबल संकरित जातीची कुत्री सकाळी फिरताना दिसू लागली की, अशी एक रूढ समजूत अमेरिकी शहरांत आहे. नईमने ही समजूतच उलटी केली. त्याच्या बुशविकमध्ये पगलला फिरवणारा माणूस गल्लीतलाच आहे. त्याला कोपऱ्यावरचे वेडे, दुकानदार, पोरे सगळे ओळखतात, आणि तो त्यांना. नईम स्वतः बुशविकमध्ये वाढला; ते वाढणे मालिकेच्या चालण्याबोलण्यात दिसते. माल्कम दिवसातून अनेकदा तीच गल्ली पायाखाली घालतो, तेव्हा तो कुत्रा फिरवतो हे खरे, पण आपली हद्दही फिरून येतो. खांबाखांबाशी थांबून खूण करणारा प्राणी नेमका कोणता, अशी शंका येऊ लागते. माझ्या मते मालिकेतला सर्वांत चांगला विनोद हाच आहे, आणि तो एकाही संवादात नाही.

मराठी वाचकाला इथे पु. ल. देशपांडे यांचे ‘पाळीव प्राणी’ आठवणे साहजिक आहे. पण पु.लं.चा निवेदक पाहुणा आहे. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खुर्चीवर, दुसऱ्याच्या कुत्र्याला घाबरून तो बसला आहे. प्राणी पाळणारे त्याच्या लेखी परके लोक आहेत आणि हसू येते ते त्यांच्या खुळाचे. चाळीत किंवा दोन खोल्यांत वाढलेल्या मध्यमवर्गाला कुत्रा पाळणे हे मुळात बंगलेवाल्यांचे काम वाटे, ही त्या हसण्यामागची सामाजिक जागा. नईमचा विनोद साखळी हातात धरलेल्याच्या बाजूने आहे. माल्कमच्या खुळावर आपण हसतो, पण त्याच्याच उंचीवरून गल्लीकडे पाहतो.

अमेरिकेतच तुलनेला आणखी एक मालिका आहे : ‘डाउनवर्ड डॉग’. आधी छोट्या वेबफिती म्हणून निघालेली ही कल्पना मे २०१७ मध्ये एबीसी वाहिनीवर आली आणि आठ भागांच्या एकाच पर्वानंतर बंद झाली. पिट्सबर्गमध्ये राहणारी, कपड्यांच्या कंपनीत नोकरी करणारी नॅन आणि तिचा कुत्रा मार्टिन. मार्टिन थेट कॅमेऱ्याशी बोलतो. नॅन रोज सकाळी कामाला जाते ते त्याला नात्यातले दुर्लक्ष वाटते, आणि तो दुखावलेल्या प्रियकरासारखी कैफियत मांडतो. हा घरातल्या एकटेपणाचा विनोद आहे. दार बंद झाल्यावर मागे राहणाऱ्याचा. ब्रूनो मात्र बोलत नाही. त्याच्या वतीने माल्कमच बोलतो, भांडतो, रुसतो. मार्टिनला वाचा दिल्यामुळे त्याची मालिका उंबऱ्याच्या आत राहते. ब्रूनो मुका राहिल्यामुळे माणसांना रस्त्यावर येऊन एकमेकांशी बोलावे लागते. म्हणून मला दुसरी मालिका अधिक शहरी वाटते.

अशी मालिका न्यूयॉर्कमध्ये घडू शकते याला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. १ ऑगस्ट १९७८ पासून तिथे कुत्र्याची विष्ठा मालकाने उचलणे बंधनकारक झाले. राज्याचा हा कायदा मोठ्या शहरांपुरता होता. तेव्हा त्याची टिंगल झाली; आज तो अंगवळणी पडला आहे. पिशवी हातात घेऊन वाकणारा माणूस हे त्या शहरातल्या नागरिकत्वाचे एक चित्रच झाले. न उचललेली घाण हे मालिकेत युद्धाचे कारण होऊ शकते ते त्यामुळे. नियम सगळ्यांनी मानला आहे, म्हणून मोडणारा खलनायक ठरतो.

इथवर मी मालिकेच्या बाजूने बोललो. आता तिची मर्यादा. माल्कमच्या गल्लीवर ज्या भाडेवाढीचे सावट आहे, तिच्याशी मालिका कधी समोरासमोर येत नाही; तो राग शेजाऱ्यांवर निघतो आणि तिथेच जिरतो. दुसरी उणीव मला आमच्या सभेनंतरच दिसली. या आठ भागांत गल्लीचा हक्क साखळी धरणाऱ्यांमध्येच वाटला जातो. ज्याला मालक नाही अशा कुत्र्यावाचून हे जग पूर्ण आहे. आणि मालिकेला ते जाणवतही नाही, कारण बुशविकच्या रस्त्यावर असा कुत्रा सहसा नसतोच.

तो आपोआप नाहीसा झालेला नाही. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये बेवारस कुत्री पकडून, लोखंडी पिंजऱ्यात घालून ईस्ट रिव्हरमध्ये बुडवली जात. १८९४ मध्ये हे काम प्राणिदया संस्थेकडे गेले आणि मारण्याची रीत बदलली. रस्ता मोकळा करणे थांबले नाही. ज्या मोकळ्या पदपथावर माल्कम आणि हार्वी भांडतात, तो असा मोकळा झालेला आहे.

मुंबईतही हा प्रयत्न झाला होता. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या पोलिसी मोहिमेविरुद्ध पारशी रहिवासी फोर्टमध्ये रस्त्यावर उतरले, दुकाने बंद राहिली, लष्कराची रसद अडली. कुत्रा हे तेव्हाही निमित्त होते आणि नव्हतेही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला : निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडावीत, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खायला घालण्यासाठी ठरावीक जागा असावी. चावा घेतलेल्या मुलाच्या आईची भीती खरी आहे, आणि रोज पोळी घालणाऱ्याची माया खरी आहे. दोघांनाही हसण्यावारी नेता येत नाही. म्हणूनच कदाचित आपल्याकडे अजून आपला ‘ब्रूनो’ निघाला नसावा. निघाला, तर त्यातल्या मुख्य कुत्र्याला साखळी नसेल, आणि त्याच्यावरून भांडणाऱ्या प्रत्येकाला तो एकाच वेळी आपला आणि परका वाटेल. हे लिहायला माल्कमच्या गोष्टीपेक्षा अवघड आहे.

आमच्या सभेत निर्णय झाला नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. मी खाली आलो तेव्हा रखवालदार आपल्या डब्यातली अर्धी भाकरी फाटकाशी ठेवत होता. त्याला सभेचे बोलावणे नव्हते. कुत्रीलाही नव्हते.