बिऱ्हाड

जुन्या शहरांवरच्या लेखनाची समीक्षा वाचताना काही शब्द हमखास भेटतात: बोळ, ओसरी, वास, पडझड आणि शेवटी 'हरवलेलं'. हे शब्द खोटे नाहीत. पुण्याच्या कसबा पेठेत भिंतीला भिंत लावून राहिलं की शेजारी काय शिजतंय आणि काय बिनसलंय, दोन्ही न विचारता कळतं. पण या शब्दांच्या गर्दीत एक प्रश्न बाजूला पडतो, आणि मला तो वाङ्मयीन प्रश्न वाटतो. या कथेतल्या घराचं भाडं कोण भरतं?

मराठीत या प्रश्नाला जवळचा शब्द आहे, बिऱ्हाड. हिंदीतला 'किरायेदार' पैशाच्या व्यवहारातून आलेला आहे. बिऱ्हाड म्हणजे माणसं, चूल, भांडीकुंडी असा अख्खा संसार, पण दुसऱ्याच्या छपराखाली. वाड्यात माणसं मोजत नाहीत, बिऱ्हाडं मोजतात. बिऱ्हाड थाटतात, हलवतात, आणि विंचवाचं तर पाठीवरच असतं. अशोक पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'बिराड' हे नाव दिलं आहे. तिथे संसार आहे आणि छप्परच नाही. इंग्रजीत मी 'हाउसहोल्ड' आणि 'टेनंट फॅमिली' दोन्ही वापरून पाहिले. पहिल्यात भाडं गळतं, दुसऱ्यात चूल विझते.

'बटाट्याची चाळ' (१९५८) पुन्हा वाचताना पु. ल. देशपांडे त्यांच्या चाहत्यांपेक्षा बरेच हुशार होते असं वाटतं. चाहत्यांना आठवतो तो चाळीतला जिव्हाळा. पुस्तकातलं सर्वांत धारदार प्रकरण मात्र 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे आहे. चाळकऱ्यांना गच्ची हवी आहे आणि ती मालकाच्या ताब्यात आहे. संयुक्त महाराष्ट्राची घोषणा तेव्हा रस्त्यारस्त्यांवर होती, राज्य व्हायला दोन वर्षं बाकी होती, आणि पु. लं.नी ती सगळी भाषा, शिष्टमंडळं आणि वाटाघाटी एका गच्चीवर आणून ठेवल्या. विडंबन राजकारणाचं आहे हे सगळेच सांगतात. ते भाडेकरूचंही आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. आयुष्य जिथे काढलं त्या इमारतीच्या छतावर जायलाही परवानगी लागते, ही त्या विनोदाखालची जमीन आहे. त्यामुळेच शेवटचं 'चिंतन' मला उणं वाटतं. तिथे सूर हळवा होतो आणि मालक दिसेनासा होतो.

मराठी हळवेपणाला मालक नकोच असतो, कारण तो आला की कायदा येतो. मुंबई राज्याच्या १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीशी बांधून टाकलं. पुढे १९९९चा कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. पण मूळ रक्कमच अशी, की तिच्या चार टक्क्यांत एक कौलही बदलता येऊ नये. मग मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू जागा सोडत नाही, आणि वासे वाकत जातात. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे पुराने नेले. त्यावर लिहिलं गेलं. उरलेले या कायद्याच्या संथ पाण्यात बसले, त्याचं साहित्य फार थोडं. आमच्यासारख्या घरांत भाड्याच्या पावत्यांची फाइल दागिन्यांच्या डब्याशेजारी असते. मालकाने भाडं नाकारलं की मनीऑर्डर करायची, आणि नकाराचा शेरा घेऊन ती परत आली की तो कागद सोन्यासारखा जपायचा. यात कथा नाही असं ज्याला वाटतं, त्याने पेठ बाहेरून पाहिली आहे.

अहमद अली यांची 'ट्वायलाइट इन दिल्ली' (१९४०) याच प्रश्नाने तपासली तर वेगळी दिसते. ती कादंबरी मला आवडते: मीर निहाल यांची कबुतरं, १९११चा दरबार, अंगणातली खजूर. पण तिचं दुःख घरधन्याचं दुःख आहे. शहर आपलं होतं आणि गेलं, हे म्हणायला ते आधी आपलं असावं लागतं. त्याच घरात राबणारी दिलचैन कोणती दिल्ली गमावते, हे कादंबरी विचारत नाही. बिल्कीस जहाँ यांनी ती 'दिल्ली की शाम' म्हणून उर्दूत आणली तेव्हा बोलणं आपल्या घरी परतलं. घर मात्र मीरसाहेबांचंच राहिलं.

आणि भाडं भरायच्याही आधी उंबरा असतो. बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो आणि त्याला राहायला जागा हवी असते. ती कथा कुठल्या जुन्या पेठेची नाही, तरी पेठांवरच्या प्रत्येक स्मरणरंजनाशेजारी मी ती ठेवते. चौकातल्या सामायिक नळाचं कौतुक करणाऱ्या लेखात, त्या चौकात बिऱ्हाड म्हणून कोणाला घेतलं जात असे, हे एका वाक्यातही येत नसेल, तर त्या लेखातलं शेजारपण मला अर्धं वाटतं. खोली शोधणाऱ्याला पेठेत आजही 'आडनाव?' असंच विचारतात, आणि ते पत्रव्यवहारासाठी नसतं.

काशीनाथ सिंहांच्या 'काशी का अस्सी'मध्ये (२००२) मालक एकदाचा समोर येतो, आणि तोही कफल्लक. बाकी पुस्तकभर चहाच्या दुकानातल्या पुरुषांच्या गप्पा आहेत; त्या थोर आहेत आणि मला मधूनमधून थकवतात. पण 'पांड़े कौन कुमति तोहें लागी' या भागात पंडिताला विदेशी बाईला खोली द्यायची आहे, तिला शौचालय जोडून हवं आहे, आणि त्या जागी शंकर बसलेला आहे. देवाला जागा सोडावी लागते. जुन्या शहराच्या अर्थव्यवहारावर भारतीय भाषांत याहून नेमकं काही माझ्या वाचनात नाही. देवाचं बिऱ्हाड हललं, असं मराठीत सहज म्हणता येईल. अडतं ते त्या बाईपाशी. तिला बिऱ्हाड म्हणता येत नाही, तिची चूल नाही. पाहुणी म्हणावं तर पाहुण्याकडून कोणी पैसे घेत नाही. भाडेकरू म्हणावं तर तिच्यामागून कायदा घरात शिरतो, आणि मालकाला नेमकं तेच नको असतं.