सुई गेली, तरी प्रश्न उरतो

2024 च्या अखेरीस मुंबईच्या आयआयटीतून एक बातमी आली. तेथील एरोस्पेस अभियांत्रिकी विभागातले विरेन मेनेझेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईविना औषध देणारी ‘शॉक सिरिंज’ बनवली असून उंदरांवर तिच्या चाचण्या केल्या आहेत. आता इन्सुलिनची सुई संपली, असा समज अशा बातमीमुळे वर्गात सहज पसरतो. म्हणून ती थोडी तपासून पाहू.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा, मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा असतो. तरी 500 डाल्टनपेक्षा जड रेणूंना तो सहसा आत घेत नाही. निकोटिन 162 डाल्टनचे, म्हणून त्याची पट्टी चालते. इन्सुलिन हे 51 अमिनो आम्लांचे प्रथिन, सुमारे 5,800 डाल्टनचे. ते मुरत नाही, ढकलावे लागते. गोळी करून गिळावे, तर पोटात इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते.

शॉक सिरिंज ढकलण्याचेच काम करते. दाबाखालील नायट्रोजनने नळीत ध्वनीपेक्षा वेगवान आघात-तरंग उठतो आणि त्याच्या धक्क्याने औषधाची केसासारखी धार सुटते. धारेचा वेग मात्र उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाच्या सुमारे दुप्पट, म्हणजे ध्वनीहून कमीच. विद्यार्थी या दोहोंची गल्लत करतात. आणि छिद्र पडतेच, फक्त ते बारीक असते.

मधुमेही उंदरांत या पद्धतीने साखर उतरली आणि सुईपेक्षा जास्त वेळ खाली राहिली. हा निष्कर्ष निव्वळ फायद्याचा म्हणून सांगितला जातो, तेथे आमचा आक्षेप आहे. जेवणाआधीच्या इन्सुलिनचा परिणाम लांबला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उंदराची कातडी आणि माणसाची कातडी यांत फरक आहेच. मुलाच्या दंडात व थोराच्या पोटातही आहे. डोस दर वेळी तितकाच आत जातो का, हे माणसांवरील चाचण्यांतूनच कळेल. लसीकरणासाठी हे तंत्र आम्हांला अधिक आशादायक वाटते, कारण तेथे वर्षाला हजारांहून अधिक वेळा टोचायचे नसते.

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावात एखाद्या शाळकरी मुलाला टाइप 1 मधुमेह असेल, तर त्याला रोज तीन-चार वेळा इन्सुलिन लागते. आजच्या पेनची सुई 4 मिलिमीटरचीही मिळते. ती फारशी दुखत नाही. अवघड असते ते इन्सुलिन थंड ठेवणे. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवायची. उघडलेली साधारण चार आठवडे, तीही 25-30 अंशांच्या आत. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वीजही जाते. रक्त तपासण्याच्या पट्ट्यांचा खर्च वेगळाच. यातले काहीही नवी सिरिंज सोडवत नाही.

फ्रीज नसलेल्या घरी ओल्या वाळूत बसवलेले मातीचे मडके बऱ्यापैकी उपयोगी पडते. बाष्पीभवनाच्या पाठाला हा प्रयोग जोडता येईल. दोन थर्मामीटर पुरेत, एक मडक्यात व एक सावलीत. मात्र तो मार्चमध्ये करावा; मे महिन्यात शाळा बंद असते.